स्वस्तातले नॉइज कॅन्सलिंग वायरलेस हेडफोन कसे पारखायचे: सारखे विचारले जाणारे प्रश्न

पेठांतल्या अभ्यासिकेत दहा-दहा तास बसणारी एमपीएससीची पोरं, घरून काम करणारे, रोज कल्याण ते सीएसएमटी करणारे, आणि नातवंडांनी हेडफोन भेट दिलाय पण बटणं कळत नाहीत असे आजी-आजोबा, सगळ्यांचे प्रश्न फिरून फिरून तेच येतात म्हणून एकत्र लिहून काढले. स्वस्त म्हणजे इथे साधारण १५०० ते १०,००० रुपये धरलेत. किमती सेलमध्ये खालीवर होतात, त्यामुळे आकड्यापेक्षा पारखायची पद्धत लक्षात ठेवा.

१. एएनसी (अॅक्टिव्ह नॉइज कॅन्सलेशन) म्हणजे नक्की काय? कान झाकले तरी आवाज कमी होतोच की.

कान झाकून जो आवाज कमी होतो तो नुसता अडवलेला आवाज, त्याला बॅटरी लागत नाही. एएनसीमध्ये हेडफोनवरचे छोटे माइक बाहेरचा आवाज ऐकतात, आतली चिप त्याची बरोब्बर उलटी लाट बनवते आणि स्पीकरमधून सोडते, दोन्ही लाटा कानापाशी भेटल्या की एकमेकींना खातात. कल्पना जुनी आहे, पॉल ल्यूग नावाच्या जर्मन माणसाला याचं अमेरिकन पेटंट १९३६ मध्येच मिळालं होतं. पण हेडफोनमध्ये ती नीट उतरली बोस कंपनीचे संस्थापक अमर बोस यांच्यामुळे. १९७८ मध्ये युरोपातून अमेरिकेला परतताना विमानाच्या घरघरीत त्यांना हेडफोनवर काही धड ऐकू येईना, तेव्हा त्यांनी तिथेच बसून गणित मांडायला घेतलं. त्यांच्या कंपनीचा वैमानिकांचा हेडसेट बाजारात यायला १९८९ उजाडलं. आज तेच काम दोन-तीन हजारांत मिळतंय, फक्त किती नीट मिळतंय हे बघून घ्यावं लागतं.

२. म्हणजे हे लावलं की घरातला सगळा गोंगाट बंद ना?

नाही. सगळ्यात जास्त लोकांचा हिरमोड इथेच होतो. एएनसी सलग, जाड, एकसुरी आवाजावर चालतं: पंखा, एसी, कूलर, फ्रिज, एसटीचं इंजिन, विमान, इन्व्हर्टरचा हम्म असा आवाज. साधारण १००० हर्ट्झच्या वर गेलं की त्याचा जोर ओसरतो (हर्ट्झचा आकडा जितका मोठा तितका आवाज बारीक, जितका लहान तितका जाड). कारण सोपं आहे, १०० हर्ट्झच्या आवाजाची लाट जवळपास साडेतीन मीटर लांब असते, तिच्यावर उलटी लाट बसवायला सवड मिळते, ३००० हर्ट्झची लाट जेमतेम ११ सेंटीमीटरची, तिथे जरासं मागेपुढे झालं की गणित चुकतं.

त्यामुळे कुकरची शिट्टी येणार, बाळाचं रडणं येणार, भांडं पडलं तर खणकन ऐकू येणार. माणसाच्या बोलण्याचं तर अर्धंच होतं, शेजारच्या खोलीत काका फोनवर बोलतायत तर त्यांच्या आवाजातला घुमारा जातो आणि स, श, च, ट ही अक्षरं तशीच टोचत राहतात, कधीकधी तर पंख्याचा आवाज गेल्यामुळे बोलणं उलट जास्त स्वच्छ कळतं. बोलणं अडवायचं काम पॅडचं किंवा रबरी टिपचं आहे, एएनसीचं नाही. वर हलकं गाणं किंवा पावसाचा आवाज लावला की मग खरा फरक पडतो.

३. बॉक्सवर ईएनसी लिहिलंय, तेच ना ते?

अजिबात नाही, आणि या एका अक्षरापायी खूप लोकांचे पैसे गेलेत. ईएनसी तुमच्या कॉलच्या माइकसाठी असतं, तुम्ही रस्त्यावरून बोलताय तर समोरच्याला गाड्यांचा आवाज कमी जावा म्हणून. तुमच्या कानाला त्याने काडीचा फरक पडत नाही. ८००-९०० रुपयांच्या बड्सवर मोठ्या अक्षरात "नॉइज कॅन्सलेशन" आणि खाली बारीक "कॉलसाठी" असं असतं, तेव्हा वर्णनात "अॅक्टिव्ह" हा शब्द आणि ट्रान्सपरन्सी किंवा अँबियंट मोड (बाहेरचा आवाज मुद्दाम आत सोडणारा) दिलाय का ते बघा, खऱ्या एएनसीसोबत तो मोड बहुतेक वेळा असतोच.

४. एकावर ३२ डीबी, दुसऱ्यावर ५० डीबी. ५० वालं चांगलं ना?

त्यावरून काही ठरत नाही. तो आकडा "कमाल" असतो, म्हणजे कुठल्या तरी एका हर्ट्झला, प्रयोगशाळेत, परफेक्ट सील (कानाशी कुठेही फट नाही) असताना जेवढं सगळ्यात जास्त कमी झालं तेवढं. बाकीच्या पट्ट्यात तो हेडफोन १५ पण देत नसेल. डेसिबलचं मापही सरळ नसतं, १० डीबी कमी झालं की कानाला आवाज साधारण निम्मा वाटतो, म्हणून सगळ्या जाड आवाजांवर खरोखर २० डीबी देणारा हेडफोन एकाच जागी ५० देणाऱ्यापेक्षा रोजच्या वापरात कितीतरी शांत वाटतो. मी तरी दोन हेडफोनची तुलना करताना हा आकडा धरतच नाही.

५. हायब्रिड एएनसी म्हणजे काय? त्याला जास्त पैसे द्यावेत का?

माइक फक्त बाहेर असेल तर फीडफॉरवर्ड, फक्त आत असेल तर फीडबॅक, दोन्हीकडे असतील तर हायब्रिड. आतला माइक तुमच्या कानात प्रत्यक्ष काय पोचतंय ते ऐकून चूक सुधारतो, त्यामुळे हेडफोन थोडा वाकडा बसला तरी निभावतं. ५००-७०० रुपयांच्या फरकाने हायब्रिड मिळत असेल तर घ्या. पण हायब्रिड शब्द असला म्हणजे झालं असं नाही, शेवटी प्रश्न ८ मधली टेस्ट करायचीच.

६. ओव्हर-इअर (अख्खा कान झाकणारा) घेऊ की बड्स (कानात घालायचे)?

कुठे वापरणार त्यावर आहे. मुंबई, ठाणे, कोकणात मे महिन्यात बिनएसीच्या खोलीत ओव्हर-इअर घालून दोन तास बसून बघा, कानाभोवती घाम साचतो, पॅड ओले होतात, आणि सहा-आठ महिन्यांत ते खोटं लेदर सोलायला लागतं. तिथे बड्स बरे. अभ्यासिकेत एसी असेल, किंवा तुम्हाला कानात काही घातलेलं सहन होत नसेल, तर ओव्हर-इअर.

ओव्हर-इअरमध्ये वजन आधी बघा. २५० ग्रॅमच्या वरचा हेडफोन दुकानात छान वाटतो, तिसऱ्या तासाला टाळू दुखते. सोनी डब्ल्यूएच-सीएच७२०एन मी अभ्यासवाल्यांना सुचवतो त्याचं मोठं कारण त्याचं १९२ ग्रॅम वजन हेच आहे, त्याचं एएनसी जगात भारी आहे म्हणून नाही. त्याची एक अडचण पण सांगतो, तो आत दुमडत नाही, फक्त कप सपाट होतात, त्यामुळे सॅकमध्ये डब्याखाली चेपला जातो.

बड्समध्ये सगळा खेळ टिपचा. बॉक्समध्ये तीन मापं येतात आणि दहातले आठ जण मधलीच ठेवून वापरतात. दोन्ही कानांना वेगळं माप लागू शकतं, माझ्या डाव्या कानाला लहान आणि उजव्याला मधली लागते.

७. बजेट २००० आहे. चालेल का, की अजून साठवू?

बड्स हवे असतील तर २००० ते ३५०० मध्ये आता बऱ्यापैकी एएनसी मिळतं, पंखा-एसी-बस एवढं ते सांभाळतं. १५०० च्या खाली एएनसी नावापुरतं असतं, त्यापेक्षा त्याच पैशात चांगल्या टिपचे साधे बड्स घ्या. ओव्हर-इअर मात्र ४००० च्या आत घेताना जपून, पॅड पातळ आणि पकड सैल असते, माझ्या मते ६००० ते ९००० हा खरा पट्टा आहे. परीक्षा चार महिन्यांवर असेल आणि बजेट २००० असेल तर साठवत बसू नका, बड्स घ्या आणि अभ्यासाला लागा.

८. घरी आल्यावर टेस्ट कशी करायची? रिव्ह्यूमध्ये सगळेच भारी म्हणतात.

हा सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न आहे, म्हणून जरा लांबड लावतो. ऑनलाइन घेतलंत तर आधी बघा रिटर्न आहे की फक्त रिप्लेसमेंट, कारण "७ दिवस रिप्लेसमेंट"मध्ये आवडलं नाही म्हणून पैसे परत मिळत नाहीत, बिघाड असेल तर तोच माल बदलून मिळतो. बॉक्स उघडताना व्हिडिओ काढा आणि प्लास्टिक, कागद काही फेकू नका.

मग पहिली टेस्ट, गाणं न लावता. टेबल फॅन तीनवर, हाताच्या अंतरावर, हेडफोन घाला, एएनसी बंद, मनात वीस आकडे मोजा, मग चालू. चांगल्या हेडफोनमध्ये पंख्याची घरघर जाते आणि फक्त वाऱ्याचा बारीक सू आवाज उरतो. स्वस्त मालात घरघर जरा लांब गेल्यासारखी वाटते, एवढंच. माझ्याकडे एकदा एक जोडी आली होती, कंपनीचं नाव घेत नाही, तिच्यात एएनसीचं बटण दाबलं की बाई "ऑन" म्हणायची आणि गाण्यातला बेस वाढायचा, मला दोन दिवस वाटत होतं छान चाललंय. गाणं बंद करून पंख्यासमोर बसलो तेव्हा कळलं की बटणाने पंख्याच्या आवाजात तसूभर फरक पडत नाहीये. म्हणून म्हणतो, गाणं न लावता.

दुसरी टेस्ट, शांततेत. रात्री सगळं निजानीज झाल्यावर एएनसी चालू करा. बारीक सळसळ येईल, स्वस्तातल्या सगळ्यांत थोडी येते, पण ती गाण्याच्या शांत जागी पण ऐकू येत असेल तर परत करा. अभ्यासाला नुसतं एएनसी लावून बसणाऱ्यांना ती सळसळ तिसऱ्या दिवशी असह्य होते.

तिसरी, हलून बघा. मान दोन्हीकडे वळवा, जांभई द्या, चार शेंगदाणे चावून खा, जिना उतरा. प्रत्येक पावलाला कानात धप्प असा दणका किंवा मान वळवल्यावर कर्र आवाज येत असेल तर सील किंवा ट्युनिंगमध्ये गडबड आहे. चौथी, चष्म्याची, ती पुढच्या प्रश्नात. आणि शेवटी सलग दोन तास घालून बसा, घड्याळ लावून. दहा मिनिटांत कुठलाच हेडफोन टोचत नाही.

९. मला चष्मा आहे. एएनसी कमी लागतं का?

हो, आणि हे दुकानात कोणी सांगत नाही. चष्म्याची काडी पॅड आणि कातडी यांच्यामध्ये येते, तिच्या वर-खाली बारीक फट राहते आणि जाड आवाज नेमका तिथूनच शिरतो, म्हणजे एएनसीचं सगळ्यात चांगलं काम जिथे होतं तिथेच गळती. पंख्यासमोर बसून चष्मा काढा-घाला, फरक लगेच कळेल. पातळ धातूच्या काडीला कमी त्रास, जाड फायबरच्या फ्रेमला जास्त. मऊ, जाड मेमरी फोमचे पॅड असलेला हेडफोन चष्मेवाल्यांनी घ्यावा, कडक पातळ पॅडचा नको. बुगडी किंवा मोठे झुमके घालणाऱ्यांनाही हेच लागू. जमलंच नाही तर बड्स, तिथे चष्म्याचा संबंधच येत नाही.

१०. एएनसी लावलं की कानात दडे बसल्यासारखं होतं. कानाला काही होणार नाही ना?

घाट चढताना होतं तसं वाटतं, पण कानातला दाब प्रत्यक्षात बदललेला नसतो, जाड आवाज अचानक गायब झाला की मेंदूचा तसा समज होतो. बऱ्याच जणांना आठवड्यात सवय होते. एएनसीची लेव्हल कमी करता येत असेल तर मधल्यावर ठेवून सुरुवात करा. गरगरायला लागलं, डोकं दुखलं तर ओढून-ताणून वापरू नका, आणि आधीपासून कानात शिट्टी वाजण्याचा किंवा चक्करचा त्रास असेल तर कान-नाक-घसावाल्या डॉक्टरांना विचारूनच घ्या.

११. एलडॅक, ब्लूटूथ ५.३ हे बघून घ्यावं का?

एलडॅक, एएसी या ब्लूटूथवरून आवाज पाठवायच्या पद्धती. आयफोन असेल तर एलडॅकचा विषयच सोडा, तो आयफोनवर चालत नाही, तिथे एएसी. अँड्रॉइडवर एलडॅक जास्तीत जास्त ९९० केबीपीएसने जातो पण गर्दीच्या जागी अडखळतो आणि फोन आपोआप खाली उतरवतो. एकाच वेळी दोन डिव्हाइसला जोडायची मल्टिपॉइंट सोय मात्र लॅपटॉप-फोनवाल्यांनी नक्की बघावी. बऱ्याच स्वस्त मॉडेलमध्ये एलडॅक आणि मल्टिपॉइंट दोन्ही एकदम चालत नाहीत, मी मल्टिपॉइंट निवडेन. ५.२ की ५.३ याने आवाज बदलत नाही.

१२. लॅपटॉपवर मीटिंग चालू झाली की आवाज डब्यातून आल्यासारखा येतो. हेडफोन खराब आहे का?

खराब नाही. हेडफोनचा माइक वापरला गेला की ब्लूटूथ कॉलच्या मोडमध्ये जातो आणि त्यात आवाजाला जागा कमी मिळते. मीटिंगच्या सेटिंगमध्ये माइक म्हणून लॅपटॉपचाच माइक निवडा आणि स्पीकर म्हणून हेडफोन ठेवा, लगेच सुधारतं. घराबाहेरच्या कॉलसाठी माइक तपासायचा तर रस्त्यावर जाऊन व्हॉट्सअॅपवर व्हॉइस मेसेज रेकॉर्ड करा आणि स्वतःच ऐका, दुसऱ्याला "येतोय का आवाज" विचारून काही कळत नाही.

१३. व्हिडिओत ओठ आणि आवाज जुळतात, पण गेममध्ये मागे पडतो. असं का?

ब्लूटूथला साधारण पाव सेकंदाच्या आसपास उशीर लागतो. व्हिडिओ अॅप चित्र तेवढंच मागे ठेवतं म्हणून जुळतं, गेमला तसं करता येत नाही. गेम मोडने कमी होतं, जात नाही. इलेक्ट्रॉनिक कीबोर्ड शिकणाऱ्यांनी वायरच वापरावी, बोट पडल्यावर सूर उशिरा आला तर हात बिघडतो. तानपुरा अॅप लावून रियाजाला मात्र काही अडचण नाही.

१४. "७० तास बॅटरी" खरं असतं का?

तो एएनसी बंद ठेवून, मध्यम आवाजातला आकडा. एएनसी चालू असतानाचा वेगळा आकडा बारीक अक्षरात असतो, तोच बघा. वर सांगितलेल्या सोनी सीएच७२०एनचेच कंपनीने दिलेले आकडे बंदला ५० आणि चालूला ३५ तास असे आहेत. ओव्हर-इअरला ३० तास भरपूर झाले. बड्सला मात्र एका चार्जवर एएनसीसकट ५ तास तरी हवेत, डबीसकटचा एकूण आकडा धरू नका.

१५. लोकलमध्ये आणि गाडीवर वापरलं तर चालेल?

लोकलमध्ये बसून किंवा आत उभं राहून, हो. रुळांची घरघर आणि पंखे बऱ्यापैकी जातात, हॉर्न आणि भजनी मंडळाच्या टाळांवर एएनसीचा जोर चालत नाही (कारण प्रश्न २ मध्ये). फक्त घोषणा चुकतात, म्हणून स्टेशन जवळ आलं की ट्रान्सपरन्सी.

बाकी ठिकाणी नाही. टू-व्हीलरवर नाही, रस्ता ओलांडताना नाही, आणि प्लॅटफॉर्मच्या कडेला किंवा रुळांपाशी तर अजिबात नाही. येणाऱ्या गाडीची जी घरघर आपल्याला आधी सावध करते, एएनसी नेमकी तीच खातं. "एकच कानात घालतो" हा उपाय नाही. हात जोडून सांगतो, तिथे काढून खिशात ठेवा.

१६. गणपतीत खिडकीखाली ढोल आणि डीजे असतो. तेव्हा उपयोग होईल?

थोडाफार, पण भरवसा ठेवू नका. ढोलाचा ठोका अचानक येतो आणि इतका जोरात असतो की छोटे माइक भरून जातात, मग उलटी लाट चुकते आणि कधीकधी कानात फटफट आवाज येतो. डीजेचा बेस तर छातीतून, हाडांतून जाणवतो, त्याला कानावरचं काहीच अडवू शकत नाही. त्या दिवशी मेडिकलमध्ये मिळणारे फोमचे इअरप्लग बोटांनी बारीक वळून नीट आत घाला आणि वरून ओव्हर-इअर चढवा. घरात लहान मूल असेल तर त्याच्यासाठी मुलांच्या मापाचे इअरमफ आणा, गाण्याचे हेडफोन नकोत.

१७. रोज आठ तास घालतो. ऐकू कमी येईल का?

नुसत्या एएनसीने नाही, आवाजाने येईल. जागतिक आरोग्य संघटनेचा हिशोब मोठ्यांसाठी ८० डेसिबलला आठवड्याला ४० तास असा आहे, मुलांसाठी ७५ डेसिबल. दर ३ डेसिबलला वेळ निम्मा होतो, म्हणजे ९० डेसिबलला आठवड्याचे फक्त ४ तास उरतात. एएनसीचा खरा फायदा मला इथेच वाटतो, बसमध्ये आधी ८५ टक्क्यांवर ऐकत होतात ते आता ५० वर पुरतं. आवाज तेवढाच ठेवायचा असेल तर मग एएनसीवर पैसे घालून कानाचं काय भलं केलंत?

१८. रस्त्यावर मोठ्या ब्रँडचा १२०० ला देतायत. घेऊ का?

नको, ती फर्स्ट कॉपी असते. ब्रँडच्या स्वतःच्या अॅपमध्ये तो हेडफोन दिसत नसेल तर संशय घ्या. बॉक्सवर बीआयएसचा (मालाची मानकं ठरवणारी सरकारी संस्था) आर-ने सुरू होणारा नंबर असतो, बीआयएस केअर अॅपमध्ये टाकून बघा कंपनीचं नाव जुळतंय का. जीएसटी बिल मागा. खऱ्या मालाला वॉरंटी नाकारत असतील तर ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार करता येते.

१९. पॅड सोललेत, काळे कण गालाला चिकटतात. टाकून द्यावा का?

टाकू नका. बहुतेक पॅड फिरवून किंवा ओढून निघतात आणि मॉडेलच्या नावाने ३०० ते ७०० रुपयांत मिळतात. जाडी मूळ पॅडएवढीच घ्या, पातळ लावले तर सील बदलतं आणि एएनसी कमी होतं. घेतानाच बघून ठेवा की त्या मॉडेलचे पॅड मिळतात का. रोज वापर झाला की सुक्या सुती फडक्याने पुसलंत तर ते जास्त टिकतात.

२०. एका बाजूचं एएनसी अचानक कमी झालंय किंवा शिट्टी येते.

बड्स असतील तर दहातल्या सात वेळा जाळीवर मळ बसलेला असतो. टिप काढा, कोरड्या मऊ ब्रशने जाळी खाली धरून झटका, बाहेरच्या माइकचं बारीक भोक पण. टाचणी घालू नका, पाणी-सॅनिटायझर नको. शिट्टी टिप सैल असल्याने किंवा ओव्हर-इअरचा पॅड नीट न बसल्यानेही येते. तरी गेली नाही तर रिसेट, मग अॅपमधून अपडेट, मग सर्व्हिस सेंटर. पावसात भिजल्यावर असं झालं असेल तर आधी एक दिवस वाळू द्या, ओला असताना चार्जिंगला लावू नका.

२१. मला एकाच कानाने नीट ऐकू येतं. मग एवढे पैसे घालण्यात अर्थ आहे का?

आहे. फोनच्या अॅक्सेसिबिलिटी सेटिंगमध्ये मोनो ऑडिओ चालू करा, अँड्रॉइड आणि आयफोन दोन्हीत असतं, मग दोन्ही बाजूंचा आवाज चांगल्या कानात एकत्र येतो आणि गाण्यातला किंवा लेक्चरमधला काही भाग निसटत नाही. तुमच्यासाठी ओव्हर-इअरपेक्षा बड्स सोयीचे, एकच घालता येतो, फक्त एकट्या बडवर एएनसी चालू राहतं का ते घेण्याआधी विचारा, काही मॉडेलमध्ये एक काढला की ते आपोआप बंद होतं आणि अॅपमध्ये जाऊन पुन्हा लावावं लागतं. श्रवणयंत्र वापरत असाल तर ओव्हर-इअरचा कप त्याला घासून शिट्टी मारू शकतो, म्हणून तो यंत्रासकट घालून बघितल्याशिवाय पैसे देऊ नका.